विंडोजवरून लिनक्सवर : डेव्हलपरने कोणत्या क्रमाने जावं

सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या बहुतेकांचा कोड शेवटी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतो. लॅपटॉपवर विंडोज असलं तरी वेबसाइटचा सर्व्हर, क्लाउडवरचं भाड्याचं मशीन, डॉकरचा कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी), कोड पुश केल्यावर टेस्ट चालवणारी यंत्रणा, यांच्या तळाशी जवळपास सगळीकडे लिनक्स असतं. “माझ्या मशीनवर तर चालतंय” या वाक्याच्या मुळाशी पुष्कळदा हाच फरक असतो.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कीबोर्ड, स्क्रीन, रॅम सगळं धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप केवळ या अटीमुळे मागे राहिले. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, तर शिकणाऱ्या मुलाची किंवा नव्या डेव्हलपरची आणखी काही वर्षं छान निघतात.

मात्र क्रम सांभाळा. आधी साधनं बदला, मग लिनक्स न बसवता चालवून बघा, मग विंडोजच्या शेजारी बसवा आणि अगदी शेवटी विंडोज काढायचं का ते ठरवा. पहिल्याच दिवशी सगळी डिस्क पुसून बसलेली माणसं सोमवारी ऑफिसचं काम अडलं की परत फिरतात. त्यांना लिनक्स अवघड गेलेलं नसतं, त्यांनी चार बदल एकाच दिवशी केलेले असतात.

(पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.)

जायचं की नाही, हे आधी ठरवा

जावा, पायथन, नोड, पीएचपी, गो, रस्ट, सी, सी++, अँड्रॉइड, डेटा सायन्स, डेव्हऑप्स यांपैकी काही करत असाल, तर बिनधास्त जा. डॉटनेटचंही नवं रूप २०१६ पासून लिनक्सवर चालतं. पण जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवरचे प्रकल्प, विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफचे डेस्कटॉप ॲप आणि पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ यांना विंडोजच लागतं. आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल तर मॅकला पर्याय नाही.

कामाबाहेरच्या गोष्टीही बघा. घरच्या दुकानाचं टॅली त्याच लॅपटॉपवर असेल, फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटर रोज लागत असेल, कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेला किंवा प्लेसमेंटच्या टेस्टला स्क्रीन लॉक करणारा ब्राउझर लागत असेल, तर विंडोज ठेवूनच पुढे जा. सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नाही. लॅपटॉप कंपनीचा असेल, तर आयटी विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काहीही करू नका.

पहिली पायरी : साधनं बदला, सिस्टिम तशीच राहू द्या

विंडोजवर असतानाच अशी साधनं वापरायला लागा जी दोन्हीकडे सारखी आहेत. एडिटर म्हणून व्हीएस कोड किंवा इंटेलिजे, ब्राउझर फायरफॉक्स, डेटाबेस बघायला डीबीव्हर, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस. हाताला ही सवय लागली की सिस्टिम बदलल्याचा धक्का निम्म्याने कमी होतो.

याच काळात डब्ल्यूएसएल बसवा. विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची ही मायक्रोसॉफ्टचीच सोय आहे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून “डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल” दिलं आणि मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू हे लिनक्सचं एक रूप मिळतं. तिथे फाइल बघणं, हलवणं, शोधणं रोज थोडं थोडं करा : एलएस, सीडी, सीपी, एमव्ही, ग्रेप आणि मदतीसाठी मॅन. आरएम जपून वापरा. तिने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर पुष्कळदा ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड बिघडलाय असं समजू नका. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवणं, कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी.

काहींचं काम डब्ल्यूएसएलवरच भागतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवलात तर फाइल वाचणं फार संथ होतं. ८ जीबी रॅमच्या मशीनवर मात्र विंडोज, डब्ल्यूएसएल, ब्राउझर आणि डॉकर असं सगळं एकत्र चालवणं जड जातं. तिथे खरं लिनक्स लगेच जाणवण्याइतकं हलकं पडतं.

दुसरी पायरी : कोणतं लिनक्स

लिनक्स अनेक रूपांत मिळतं. त्यातलं कोणतं घ्यावं यावर लोक दिवसचे दिवस वाद घालतात. नवख्याने घालवू नयेत. लिनक्स मिंट घ्या किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती घ्या. मिंटचा चेहरा विंडोजच्या जवळचा आहे. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अगदी नवा लॅपटॉप असेल तर फेडोरा बघा, कारण त्यात नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर लवकर येतात. पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला तेरा महिन्यांच्या आसपासच सपोर्ट असतो, म्हणजे अपग्रेड करत राहावं लागतं.

इंजिनिअरिंगची बरीच मुलं पहिलं लिनक्स म्हणून काली बसवतात. काली सुरक्षा तपासणीच्या कामासाठी बांधलेलं आहे, आणि लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते रोजच्या वापराला घेऊ नये असं त्याचे निर्मातेच सांगतात. सिक्युरिटी शिकायची असेल तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

तिसरी पायरी : बॅकअप, बिटलॉकर आणि जागा

खरी मेहनत इथे आहे. इन्स्टॉल अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, तयारीला एक अख्खी दुपार द्या.

गिट कोडचे बदल जपतं, पण “कोड तर गिटवर आहे” म्हणून बॅकअप टाळू नका. जे गिटमध्ये नसतं तेच हरवतं : पासवर्ड आणि कीज असलेल्या डॉट-ईएनव्ही फाइल, एसएसएच कीज (सर्व्हरवर लॉगिन करायच्या किल्ल्या), लोकल डेटाबेसमधला डेटा, पुश न केलेल्या ब्रँच, गिट स्टॅश, ब्राउझरचे बुकमार्क, डाउनलोड्समध्ये पडलेली बिलं आणि मार्कशीट. डेटाबेसचा डंप, म्हणजे डेटाची फाइलमधली प्रत, काढा. हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करण्याची विंडोजची सोय. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं, होम आवृत्तीत त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. तुम्ही ते कधी चालू केलेलं नसतं, त्यामुळे ते आहे हेच माहीत नसतं. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देण्याची सोय, किंवा बूटचा क्रम बदलला की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती जवळ नसेल तर आतला डेटा गेला, कोणताही दुकानदार तो काढून देऊ शकत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर जाऊन रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करण्यात काहीच अर्थ नाही. बिटलॉकर चालू दिसलं की काही इन्स्टॉलर पुढेच जात नाहीत. तसं झालं तर विंडोजमधून एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर लावून थांबा.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहतं आणि लिनक्स त्याच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) काही लिहायला नकार देतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये त्याची खूण काढून टाका.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करावं, हे सर्वांत सुरक्षित. उबुंटू २५ जीबीतही बसतं, पण डॉकरच्या इमेज आणि अँड्रॉइडचे एम्युलेटर जागा भराभर खातात. डेव्हलपरने १०० जीबी तरी द्यावेत. मोकळी झालेली जागा तशीच रिकामी ठेवा, तिला नवा ड्राइव्ह करू नका.

चौथी पायरी : पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, मूळ वेबसाइटवरूनच घ्या. ती काही जीबींची असते, त्यामुळे तुटकी उतरण्याची शक्यता असते. पॉवरशेलमधल्या “गेट-फाइलहॅश”ने तिचा शा-२५६ (फाइलची ओळख पटवणारा कोड) काढा आणि वेबसाइटवर दिलेल्याशी ताडून बघा. मग रूफस किंवा बलेनाएचर वापरून ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर ती लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबायची : डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. पेनड्राइव्ह निवडा आणि “ट्राय” घ्या. आता लिनक्स पेनड्राइव्ह आणि रॅमवरून चालतंय, डिस्कला अजून हात लागलेला नाही. इथे घाई करू नका. वायफाय लागतंय का, आवाज, माइक आणि कॅमेरा चालतात का, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होतं का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, बाहेरचा मॉनिटर दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे एकेक करून बघा. सोमवारच्या मीटिंगमध्ये माइक लागणार आहे, तो आज तपासायचा.

वायफाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते बहुतेक वेळा लगेच ओळखलं जातं आणि त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो. डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी मोडमध्ये असण्याची शक्यता मोठी. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं. पण विंडोजला आधी तयार न करता हा बदल केला तर विंडोज उघडेनासं होतं. आपल्या लॅपटॉपच्या मॉडेलसाठीची पद्धत वाचून, बदलानंतर विंडोज आधी सेफ मोडमध्ये उघडेल अशी व्यवस्था करूनच हे करा.

पाचवी पायरी : इन्स्टॉल

बहुतेक पडदे “नेक्स्ट नेक्स्ट”चे आहेत. एका पडद्यावर मात्र थांबायचं : विंडोजच्या शेजारी बसवायचं की सगळी डिस्क पुसायची, हे विचारणाऱ्या. “अलाँगसाइड” निवडा, आणि मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर आकार बघून योग्य तीच निवडली आहे याची खात्री करा. लिनक्समध्ये सी आणि डी अशी नावं नसतात, एसडीए किंवा एनव्हीएमईने सुरू होणारी नावं दिसतात. संशय आला तर मागे या, डिस्कवरचे बदल मान्य करणारं बटण दाबेपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं. सगळी डिस्क लिनक्सलाच देणार असाल, तर एन्क्रिप्शनचा पर्याय जरूर घ्या. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तरी क्लायंटचा कोड कोणाच्या हाती लागणार नाही.

कीबोर्ड “इंग्लिश यूएस” ठेवा. यूके निवडलात तर ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते आणि पासवर्ड चुकत राहतो. युजरनेम छोटं, स्मॉल अक्षरांत, स्पेसशिवाय. टाइमझोन कोलकाता.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर “एमओके मॅनेजमेंट” येतं. तिथे “एनरोल एमओके” निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला की ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक कार्डच चालत नाही असं समजून बसतात.

सहावी पायरी : पहिला दिवस

आधी अपडेट : “सुडो ॲप्ट अपडेट”, मग “सुडो ॲप्ट अपग्रेड”. सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं, ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा पॅकेज मॅनेजर. नंतर गिट, कर्ल आणि सी-कंपायलरसकट येणारं बिल्ड-इसेन्शियल बसवा. सॉफ्टवेअर शोधायला वेबसाइटवरच्या सेटअप फाइलकडे न धावता पॅकेज मॅनेजरकडे जायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. अपडेट सगळ्यांना एकत्र मिळतात आणि भलतंसलतं मशीनवर येत नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. ते चालू करून एक स्नॅपशॉट घ्या, पुढे सिस्टिममध्ये काही बिघडलं तर मागे येता येतं.

परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर दचकू नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं, म्हणून नेमका भारतीय वेळेचा फरक पडतो. लिनक्समध्ये “टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १” दिलं की दोघांचं जमतं.

मराठी लिहिण्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट लगेच मिळतो. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी आयबस-एम१७एन हे पॅकेज बसवावं. गनोम आणि केडीई हे डेस्कटॉप, लिबरऑफिस, फायरफॉक्स यांचे मेनूही मराठीत होऊ शकतात. घरच्यांसाठी ते उत्तमच, पण कामाच्या लॉगिनवर मेनू आणि एरर इंग्रजीत ठेवा, म्हणजे एरर जशीच्या तशी शोधता येते.

प्रोजेक्ट आणताना

विंडोजवरचं फोल्डर उचलून इकडे कॉपी करू नका. गिटवरून नव्याने क्लोन करा. नोड-मॉड्यूल्स आणि पायथनचा व्हीएनव्ही यांत विंडोजसाठी बनलेल्या फाइल असतात, त्या इथे चालणारच नाहीत. प्रोजेक्ट विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोहही टाळा, परमिशन आणि सिमलिंकचे (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्यांचे) घोळ संपत नाहीत.

क्लोन करून चालवल्यावर पहिली एरर बहुधा “मॉड्यूल नॉट फाउंड” येते, आणि फाइल तर समोर दिसत असते. नीट बघा. फाइलचं नाव कॅपिटल यू घेऊन “युजरकार्ड”, आणि इम्पोर्टच्या ओळीत तोच शब्द स्मॉल यूने. विंडोजला ही दोन्ही नावं एकच, लिनक्सला वेगळी. हीच चूक सर्व्हरवर रात्री अकरा वाजता डिप्लॉय करताना सापडली असती, ती आता टेबलावर सापडली. लिनक्सवर बसून लिहिण्याचा मोठा फायदा तो हाच. नाव दुरुस्त करताना “गिट एमव्ही” वापरा, म्हणजे गिटलाही बदल कळतो.

दुसरी नेहमीची अडचण शेल स्क्रिप्टची. “बॅड इंटरप्रिटर” म्हणते आणि शेवटी कॅरेट-एम असं चिन्ह दाखवते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं ठेवतं, लिनक्स एकच, त्यातलं जास्तीचं अक्षर म्हणजे ते कॅरेट-एम. डॉस२युनिक्स या छोट्या साधनाने फाइल साफ होते. टीममध्ये दोन्ही सिस्टिम असतील तर प्रोजेक्टमध्ये गिटॲट्रिब्यूट्स फाइल टाकून हा प्रश्न कायमचा मिटवा. स्क्रिप्टला “परमिशन डिनाइड” आलं तर सीएचमॉडने तिला चालवण्याची परवानगी द्या. एसएसएचची खाजगी की मात्र उलट आहे. तिच्यावर ६०० परमिशन हवं, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल, नाहीतर एसएसएच ती घेतच नाही.

पायथनवाल्यांना पिप हे पॅकेज बसवणारं साधन वापरताच “एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट” अशी एरर दिसेल. हा बिघाड नव्हे. सिस्टिमची स्वतःची काही साधनं त्याच पायथनवर चालतात आणि तुमच्या पॅकेजने ती मोडू नयेत म्हणून दार लावलेलं आहे. इंटरनेटवर ते दार तोडणारा पर्याय सापडतो, तो वापरू नका. पायथन३-व्हीएनव्ही बसवा आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. नोडच्या आवृत्त्या सांभाळायला एनव्हीएम वापरा. एनपीएमच्या (नोडची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या) पुढे सुडो लावायची वेळ आली, तर आधीच्या मांडणीत काहीतरी चुकलंय असं समजा.

डॉकर इथे मधल्या व्हर्च्युअल मशीनशिवाय थेट लिनक्सच्या कर्नलवर (गाभ्यावर) चालतं, आणि वेगातला फरक लगेच कळतो. सोयीसाठी स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये घालतात. त्या ग्रुपमध्ये असणं जवळपास रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असण्यासारखं आहे, एवढं ध्यानात ठेवून ते करा.

अडलात तर

आधी एररचा मजकूर कॉपी करा, फोनने काढलेला पडद्याचा फोटो नको. “जर्नलसीटीएल -बी”मध्ये या बूटपासूनच्या सगळ्या नोंदी असतात, तिथे लाल ओळी बघा. आपलं लिनक्स, त्याची आवृत्ती आणि लॅपटॉपचं मॉडेल लिहून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. पुण्याच्या परिसरात असाल तर पुणे लिनक्स युजर्स ग्रुपमध्ये जाणती माणसं आहेत. आणि कोणीही दिलेली सुडोने सुरू होणारी ओळ, ती काय करते हे मॅनमध्ये वाचल्याशिवाय चिकटवू नका.

विंडोज कधी काढायचं

दोन-तीन महिने दोन्ही ठेवा. विंडोज कशासाठी उघडावं लागलं ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. यादीत फक्त टॅली किंवा परीक्षा असेल तर ते पार्टिशन राहू द्या, त्याने काही अडत नाही. यादी कोरी राहिली तर पुन्हा एकदा बॅकअप घेऊन विंडोजचं मोठं पार्टिशन काढा. ईएफआय नावाचं शंभर ते पाचशे एमबीचं छोटं पार्टिशन मात्र सोडा. लिनक्सचा बूटलोडरही (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) त्यातच बसलेला असतो.